वरून साखर नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाहीये. कडेने काळी पडलीय. डॉक्टरांनी सुई टोचून विचारलं, दुखतं का. हे म्हणाले, "नाय, काय नाय." मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "दुखायला हवं होतं."

उपाशीपोटीची साखर तीनशे बारा. दारू बंद, गोड बंद, भात वाटीभर. साखर उतरली तर अंगठा राहील. नाही उतरली तर कापावा लागेल — आणि कापणं अंगठ्यावरच थांबेल असं सांगता येत नाही म्हणाले. महिन्याने परत दाखवायचंय.

घरी आल्यावर यांनी हातपाय धुतले, देवापुढे नमस्कार केला आणि कपाटातून बाटली काढली. जसं काही झालंच नाही! मी हातातलं ताट आपटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच आपटलं असेल. यांनी ते उचलून पुसून जागेवर ठेवलं आणि पेग भरला.

५ नोव्हेंबर

रडून झालं. उपयोग शून्य.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज हे स्वतःहून बोलायला बसले. मोबाइलवर काहीतरी बघितलंय. म्हणाले, "ऐक. रम उसाच्या मळीची खरी, पन भट्टीतून निघते तवा तिच्यात साखर नसते. साखर कंपनीवाले मागाहून घालतात, चवीला. सगळे नाय घालत. तू बिनसाखरेची शोधून दे. मी तीच घेईन, एकच पेग. पूर्ण सोडायला सांगू नको, मना नाय जमणार."

"मना नाय जमणार" म्हणताना हात थरथरत होता. दयाराम वाडीवाल्याचा हात! या हाताने एका घावात केळीचा घड उतरवलेला मी बघितलाय.

आधी राग आला. मग वाटलं, यांना सोडणं जमणार नाही, पण शोधणं मला जमेल. अख्खं आयुष्य दुसरं केलंय काय मी? सासूबाईंच्या हाताखाली सुकेळी शिकले, तेव्हापासून दर हंगामाला राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवतेय. मुंबईची गिऱ्हाइकं येतात, एक तुकडा तोंडात टाकतात आणि दरवेळी तोच प्रश्न — "पाकात बुडवता का हो?" अंगाचा तिळपापड होतो. वरून साखर नाही! सूर्य आणि माझे हात, तिसरं काही नाही. पुढच्या गल्लीतली एक बाई साखरेचं पाणी मारते, तिची सुकेळी मी नुसत्या बोटांनी ओळखते. मग बाटलीतली साखर ओळखायला कितीसा वेळ लागणार?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कुंपणापलीकडच्या अँजेलिनाकडे गेले. ती नाताळच्या केकच्या ऑर्डरी घेते, दिवाळीपासूनच तिच्याकडे मनुका-बेदाणे रममध्ये भिजत पडलेले असतात. तिच्या फडताळात तीन बाटल्या होत्या. नावं इंग्रजीत, लांबलचक. मी बुचांवरून ओळखायचं ठरवलं — लाल बूच, निळं बूच, काळं बूच. तिन्हीतली थोडीथोडी औषधाच्या बाटल्यांत भरून घेतली.

अँजेलिना म्हणाली, "अगो यशोदा, नवऱ्याला दारू शोधून देणारी बायको मी पयल्यांदा बगते." हसत होती, पण झाकणं घट्ट लावून दिली.

ऋतिकाने पप्पांसाठी साखर तपासायचं मशीन आणून ठेवलंय. पट्टीवर रक्ताऐवजी लाल बुचाचा थेंब टाकला. मशीनवर आलं — लो. लो म्हणजे कमी! केवढा आनंद झाला मला. संध्याकाळी स्वतःच्या हाताने लाल बुचाची भरून दिली. हे म्हणाले, "गोड हाय गो ही." मी म्हटलं, "मशीनपेक्षा तुमची जीभ शहाणी का?"

१० नोव्हेंबर, रविवार

ऋतिका आली सासरहून, चंदनसारहून. मी मोठ्या ऐटीत मशीनची गोष्ट सांगितली. आधी हसली, मग डोक्याला हात लावला. "आई, ते मशीन रक्तासाठी असतं. दारूतली साखर त्याला कशी कळणार?"

म्हणजे दोन दिवस मीच पाजली गोड. स्वतःच्या शहाणपणाने!

"पप्पांना बिनसाखरेची बिनसाखरेची काय लावलंयस? बंदच कर ना," म्हणाली. तिचं लग्न होऊन चारच वर्षं झालीत. बंद कर म्हटलं की बंद होतं असं वाटण्याचं वय आहे तिचं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन गेलं खड्ड्यात. माझा मांडव आहे.

स्टीलच्या तीन वाट्यांत एकेक चमचा रम घातली, वर जाळी टाकली आणि सुकेळ्यांशेजारी उन्हात ठेवली. संध्याकाळी बघितलं. लाल बूच — तळाशी पाक! बोट आणि अंगठ्यात धरून ओढला तर तार आली. जाळीच्या आत मुंग्यांची रांग. निळं बूच — पातळसर चिकट, दोनचार मुंग्या. काळं बूच — नुसता तपकिरी डाग. चहाचा डाग पुसावा तसा पुसला गेला. मुंगी एकही नाही. मुंग्यांना बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी त्यांना मानते.

पण जिभेने बघितल्याशिवाय मी माल कधी पास केलेला नाही. कधी थेंब घेतला नव्हता जन्मात. दार लावलं, करंगळी बुडवली, जिभेवर ठेवली. लाल : आधी जाळ, मग केकचा वास, आणि ओठांवर गोडी राहून गेली. काळं : जाळ तेवढाच, पण मागून पानगीचं जळकं पान असतं ना, तसा वास. गोडी नाही.

थुंकले. चुळा भरल्या. तुळशीपुढे दिवा लावताना मात्र लाज वाटली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अँजेलिनाने तिच्या केकच्या सामानातून काळ्या बुचाची बाटली आणून दिली. खोकल्याच्या औषधाच्या पेल्याने साठ मिली मोजून दिली. हे म्हणाले, "कडू हाय." पण घेतली! एकच घेतली. दुसरी मागितली नाही.

उपाशीपोटी दारू चढते म्हणून ताटलीत दोन सुकेळ्या ठेवल्या. फरसाण बंद, वेफर बंद. सुकेळीचं काय, वरून साखर नाही. आवडीने खाल्ल्या.

आज खूप दिवसांनी शांत झोप लागेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

निवडणुकीचे कोरडे दिवस. कालपासून दारूची दुकानं बंद. आमच्या बाटलीत तळाला राहिलीय ती उद्यापर्यंत पुरेल. तरी यांची येरझार बघा! फाटकापर्यंत जातात, परत येतात. लंगडत. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसले — पुढचे कोरडे दिवस कुठले ते बघायला. मी म्हटलं, "एकादशी कधी ते कधी बघितलं नाहीत. दारूचे उपास बरोब्बर पाठ."

हसले नाहीत. मग मलाच वाईट वाटलं. माणसाने कॅलेंडरात हे बघत बसावं, एवढी वाईट वेळ कुणावर येऊ नये.

२४ नोव्हेंबर, रविवार

नवी बाटली. बूच काळंच, पण आतला माल तोच कशावरून? एका झाडाचे दोन घड सारखे नसतात. तेव्हा प्रत्येक बाटली तपासायची असं ठरवलंय. वाटी उन्हात, आणि चमचाभर जिभेवर. अँजेलिनाने आणखी दोन प्रकार दिले, एक पांढरी आणि एक सोनेरी बुचाची. शोध अर्धवट नको.

पांढरी : वास उसाच्या चरकाजवळचा. साखर नाही, पण घशात टोचते. सोनेरी : पहिल्या घोटाला वाटतं किती छान, तीच लबाडी! वाटीत लालपेक्षा जाड पाक निघाला. काळं बूच : पानगी, मग लाकूड, मग लवंगेसारखं काहीतरी. खूप उशिरा येतं ते.

ते उशिराचं थुंकल्यावर कळत नाही. म्हणून आज थुंकली नाही.

२९ नोव्हेंबर

जखमेला वास यायला लागलाय. मी रोज धुते, पट्टी बदलते. हे छताकडे बघत पडून राहतात. अंगठा धरला तरी यांना कळत नाही की मी धरलाय.

४ डिसेंबर, बुधवार

महिना झाला. साखर तीनशे चाळीस.

वाढली! अशी कशी वाढली? भात वाटीभर, चहा बिनसाखरेचा, रम काळ्या बुचाची. डॉक्टरांकडे फार गर्दी होती. ते म्हणाले, "पथ्य पाळत नाहीत हे." मी म्हटलं, पाळतात. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. खोटारडी समजले मला. गोळ्या वाढवल्या, बारा दिवसांनी बोलावलंय.

घरी येऊन वाटी पुन्हा उन्हात ठेवली. डागच. मुंगी नाही. मग साखर येते कुठून?

५ डिसेंबर, गुरुवार

हेच कुठेतरी चोरून पीत असणार. वाडीत शोधलं, पंपाच्या खोलीत शोधलं, सुकलेल्या पानांचा ढीग उपसला. हे मागे येऊन उभे राहिले. "काय शोधतेस?"

सांगितलं.

यांचे डोळे भरले. "तू देतेस तेवडीच घेतो यशोदा. तुझ्या हातची. दुसरीकडे थेंब नाय."

खरं बोलत होते. हे खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, निदान साखरेचा पत्ता लागला असता.

६ डिसेंबर

भात पूर्ण बंद केला. पोळी एकच. भुकेजलेले दिसतात, म्हणून संध्याकाळच्या दोनाच्या चार सुकेळ्या केल्या, सकाळी दोन. काहीतरी पोटात जायला हवं.

दुपारी चार वाजता बाटली तपासली. झाकणभर.

११ डिसेंबर, बुधवार

अंगठ्याशेजारचं बोटही काळपट वाटतंय. उजेडाकडे नेऊन बघितलं. सावली असेल.

सावली नाही.

देवा, माझ्याकडून काय चुकतंय? एवढं तरी सांग. मी प्रत्येक थेंब तपासून देते. या तालुक्यात माझ्याएवढी साखर कुणी ओळखत नाही आणि माझ्याच घरात ती शिरतेय, आणि मला वाट दिसत नाही. चार वाजता पुन्हा तपासली. हातपाय गार पडले होते, ते जरा गरम झाले.

१६ डिसेंबर, सोमवार

लिहिते. लिहायलाच हवं.

डॉक्टरांसाठी सुकेळ्यांचं पुडकं नेलं होतं. माणसाला आपलंसं केलं तर नीट बघतील असं वाटलं. केळीच्या सुक्या सोपटात बांधलेलं, वर लाल दोरा. त्यांनी पट्टी सोडली, बघितलं. हात धुतले. मग पुडक्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

"सुकेळी. आमच्या घरची. वरून साखर नाही."

"हे खातात का?"

मी म्हटलं, "तेवढंच खातात. रोज सहा. रमबरोबर चार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात समजावलं, शाळेतल्या मुलीला समजावतात तसं. पिकलेलं अख्खं केळं, त्यातलं फक्त पाणी उडालं. साखर सगळी तिथेच. "साखर वरून घातलेली असो नाहीतर आतली असो, रक्ताला फरक कळत नाही, ताई."

मी विचारलं, आणि रममधली? शोधून काढलेली? ते म्हणाले, एका पेगात असून असून किती, चिमूटभर. "मी साखरेसाठी नव्हती सांगितली बंद करायला. दारूसाठी सांगितली होती. नसा मरतायत त्यांच्या."

हे खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "तिला काय बोलू नका डॉक्टर. मीच मागून खाल्ल्या." खोटं! कधी मागितल्या नाहीत. मी ताटलीत वाढल्या. मी.

उद्या भरती.

१८ डिसेंबर, बुधवार

अंगठा गेला. शेजारचं बोटही.

१९ डिसेंबर

दर हंगामाला लोकांना सांगत आले, वरून साखर नाही. छाती काढून सांगत आले. चिमूटभर साखरेसाठी पाच बाटल्या चाखल्या आणि मुठीएवढी ताटलीतून वाढली.

मांडवावरच्या सुकेळ्या तशाच राहिल्यात. अँजेलिनाने गोळा करून झाकल्या म्हणे. जाळल्या असत्या तरी चाललं असतं.

२१ डिसेंबर, शनिवार

ऋतिका दवाखान्यात राहतेय, मी घरी आंघोळीपुरती आले. ती म्हणाली, "आई, तुला माहीत नव्हतं ना गं." तिने म्हटलं की रडू येतं आणि नाही म्हटलं तर राग.

चार वाजले होते. तपासायचं काही नव्हतं, आता कोण पिणार आहे. अर्धा पेला घेतला, हात थांबायला.

२५ डिसेंबर, बुधवार

हे घरी आले. काठी लागते. अँजेलिनाने केक पाठवला होता, तो दारातूनच परत केला. ती म्हणाली, "बरं केलंस. मी पावाची लादी पाठवते." मग फक्त माझा हात धरून उभी राहिली.

संध्याकाळी मी विचारलं, देऊ का? यांनी बाटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "नको. घेऊन जा समोरनं. आता मना बगवत पन नाय."

जमणार नाही म्हणणारा माणूस. दोन बोटं देऊन जमलं.

बाटली पाऊण भरलेली आहे. ओतून टाकायला निघाले होते, पण मोरीत ओतवेना. अँजेलिनाला देईन, तिला केकला लागते. तोवर तांदळाच्या डब्यामागे ठेवलीय.

३ जानेवारी, शुक्रवार

साखर एकशे चौसष्ट. जखम कोरडी. डॉक्टर पहिल्यांदा हसले. ऋतिका म्हणाली, "आई, जिंकलीस तू." हे काठी घेऊन वाडीत फेरी मारून आले, कोणत्या घडाला टेकू हवा ते सांगत होते. पूर्वीसारखा आवाज निघाला.

मी आनंदाने रडले. खरंच आनंदानेच. आणि तरी चार वाजले की डोळ्यांपुढे ती ताटली येते.

झाकणभर घेतली की ताटली जाते.

९ जानेवारी, गुरुवार

दादरच्या बाईंचा फोन. यंदा सुकेळी कधी? आणि लगेच — "साखर नाही ना घालत?" मी फोन ठेवून दिला. हे म्हणाले, "गिऱ्हाईक हाय गो, असं करू नये." मांडव मोकळा आहे. झाडावर केळी पिकून वटवाघळं खातायत.

अँजेलिनाची बाटली द्यायची राहिलीय. इतके दिवस ठेवून चव उतरली नाही ना, ते बघितलं. उतरलेली नाही. पानगी, लाकूड, मग लवंग.

१६ जानेवारी, गुरुवार

अँजेलिनाने कुंपणावरून विचारलं, "ती बाटली हाय का गो? लग्नाच्या केकची ऑर्डर हाय." मी म्हटलं, हातातून पडली, फुटली.

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली असं वाटलं. वाटलंच असेल.

२० जानेवारी

हे म्हणाले, "तू हल्ली दुपारची झोपतेस, बरं हाय. लय दमलीस तू माझ्यापायी." पायावर शाल घातली माझ्या. काठी टेकत टेकत स्वतः चहा केला, बिनसाखरेचा, आणि उशाशी आणून ठेवला.

मी तोंड भिंतीकडे करून प्यायले. वास येऊ नये म्हणून.

२५ जानेवारी, शनिवार

यांनी सोडल्याला आज महिना झाला. साखर एकशे अडतीस. ऋतिका पेढे आणणार होती, मग स्वतःच हसली आणि पेरू घेऊन आली.

सकाळी कॅलेंडर काढून बघितलं. उद्या सव्वीस जानेवारी, दुकानं बंद. इथे सगळे ओळखतात, म्हणून रिक्षाने गोखिवऱ्याला गेले आणि काळ्या बुचाची आजच आणून ठेवली.